धाकटीच्या मापांची पेटी

बस डेपोच्या मोठ्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला चौकशी, उजव्या हाताला पाण्याचे नळ, आणि नळांच्या पलीकडे अरुंद बोळाच्या तोंडाशी लोखंडी गजांची एक खिडकी. खिडकीवर पाटी : हरवले-सापडले. या खिडकीमागे थोरली एकवीस वर्षं बसत होती. थोरली हे आईने पाडलेलं नाव. डेपोत सगळे तिला खिडकीवाल्या बाई म्हणत.

तिथलं काम एका ठरलेल्या चाकोरीतून चाले. गाडीत राहिलेली वस्तू कंडक्टर आणून देई. थोरली तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधी, चिठ्ठीवर तारीख, गाडीचा नंबर आणि बाकाचा नंबर लिही, आणि वस्तू फळीवर जाई. नव्वद दिवस वाट बघायची. कोणी आलं नाही तर वस्तू निकालात. आणि जो कोणी येईल त्याला एकच प्रश्न.

"खूण सांगा."

"अहो, छत्री आहे. काळी."

"काळ्या एकोणीस आहेत. तुमच्या छत्रीची खूण?"

"काळीच आहे हो अगदी. पाऊस आला की उघडते."

"बाकीच्या अठरासुद्धा उघडतात. घरी जाऊन आठवून या."

लोक चिडत, पण दुसऱ्या दिवशी आठवून येत. मुठीला दातांचे वण आहेत, तिसरी काडी तारेने बांधली आहे. मग थोरली छत्री गजांमधून बाहेर सरकवी. खऱ्या मालकाला वस्तूचं वैगुण्य ठाऊक असतं, चांगुलपणा कोणीही सांगेल, असं तिचं मत होतं, आणि एकवीस वर्षांत ते बदलायची वेळ आली नव्हती.

घरीही तिचा कारभार असाच. चमचे चमच्यांत, पिशव्या पिशव्यांत. नवरा निवृत्त बस ड्रायव्हर होता. तो म्हणे, "मी तीन महिने एका जागी बसलो तर ही मलाही चिठ्ठी बांधेल."

त्याचा विनोद तो विनोद, पण थोरलीच्या याच स्वभावाने एकदा घात केला होता.

आई शिवणकाम करायची. शेवटची सहा वर्षं ती थोरलीकडेच, मागच्या खोलीत राहिली. ती गेली तेव्हा धाकटी बहीण दूर मुलाकडे होती, सुनेचं ऑपरेशन होतं. ती दोन दिवसांसाठी आली आणि तिला लगेच परत जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "महिन्याभराने येते ग. मग दोघी बसू आईच्या खोलीत." थोरलीने मान हलवली. पण रोज सकाळी चहा ठेवताना ती मागची खोली दिसे. खुंटीवरचा गाऊन, टोपलीतली रिळं, खुर्चीच्या पाठीवरची शाल. थोरलीला ते बघवेना. आणि जे बघवत नाही त्याचं काय करायचं, हे तिला एकाच प्रकारे येत होतं. विसाव्या दिवशी तिने रजा काढली, खोली रिकामी केली, कपडे, कापडाचे तुकडे, मशीन, टोपली, सगळं जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकलं, फरशी पुसली, खिडकीच्या काचासुद्धा धुतल्या.

धाकटी आली ती थेट मागच्या खोलीत गेली. बाहेर यायला तिला बराच वेळ लागला.

"परक्याच्या छत्रीला तू नव्वद दिवस देतेस," ती म्हणाली. "आईला वीस दिलेस."

त्यानंतर चार वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. धाकटी त्याच शहरात, बसने पंचवीस मिनिटांवर राहत होती. थोरलीने फोन केले. फोन तिचा नवरा उचले आणि अवघडून म्हणे, "ताई, ती जरा कामात आहे." चार वर्षं माणूस जरा कामात राहतो, हे त्या बिचाऱ्यालाही पटत नसावं.

एका सोमवारी त्याचाच फोन आला.

"ताई, तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगतो. आम्ही घर सोडतोय. मुलाकडे चाललोय, कायमचे. रविवारी सकाळची गाडी आहे. तिला सांगू नका मी फोन केला ते."

"सांगायला ती बोलते कुठे माझ्याशी?" थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारपर्यंत सहा दिवस होते. मुलाचं गाव दोन दिवसांच्या प्रवासावर. एकदा धाकटी तिकडे गेली की संपलं, हे थोरलीला स्वच्छ दिसलं. रिकाम्या हाताने दारात जाऊन उभं राहिलं तर दार उघडणार नाही, हेही दिसलं.

काय न्यायचं, त्याचं उत्तर तिच्या खिडकीवरच येऊन गेलं होतं, फोन यायच्या आधी. मागच्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ सत्त्याऐंशीव्या दिवशी एक पेटी न्यायला आले होते. लाकडी पेटी, वरून कागदी फुलं, जुनी तिकिटं, पाखरं कापून चिकटवलेली आणि त्यावर चकचकीत वार्निश, आत मऊ कापड. 'खूण सांगा' म्हटल्यावर ते म्हणाले, "झाकणाच्या आत एक फुलपाखरू उलटं लागलंय. बायकोने लावलं होतं. मी हसलो म्हणून तिने मुद्दाम तसंच ठेवलं." थोरलीने झाकण उघडलं. फुलपाखरू उलटं होतं. म्हाताऱ्याने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "याला डेकूपाज म्हणतात. नाव मोठं आहे, काम कात्री आणि डिंकाचं आहे."

ते बोट थोरलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. धाकटीसाठी अशी पेटी करायची, तिने ठरवलं. पण तिच्यावर चिकटवायचं काय? आईचं घरात काही उरलंच नव्हतं, आणि ते कोणामुळे उरलं नव्हतं हे वेगळं सांगायला नको.

मंगळवारी सकाळी ती कात्री शोधत होती. कपाटाचा खालचा खण बाहेर ओढला, टॉवेल काढून ठेवले आणि तिथेच खाली बसली. खणात अंथरलेला खाकी कागद तिचाच होता. म्हणजे तिनेच अंथरला होता, चार वर्षांपूर्वी, त्याच रजेच्या दिवशी. आईच्या कपाटामागे खाकी कागदाची एक गुंडाळी निघाली होती. चांगला जाड कागद कशाला फेकायचा म्हणून तिने तो कापून घरातल्या सगळ्या खणांना घातला होता, कोरी बाजू वर करून, मागचं न वाचता. आता एक कोपरा दुमडला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला आईचं अक्षर होतं.

तिने घरातले सगळे खण ओतले. चमच्यांचा, औषधांचा, मोज्यांचा. नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"अगं, चोरी झाली का?"

"झाली होती. माल सापडला."

कपडा बेतायला आई खाकी कागदाचे नमुने कापायची आणि ज्याचा नमुना त्याची मापं त्यावरच लिहायची. कागदांवर बाहेरच्या बायकांची मापं होती, पण अकरा ठिकाणी धाकटीची होती. 'धाकटी, पाच वर्षं, छाती २१. हालते.' 'धाकटी, सात वर्षं, छाती २३. फार हालते.' 'धाकटी, नऊ. उभी राहिली. ताप असावा.' 'धाकटी, चौदा. कंबर सांगू देत नाही, अंदाजे २४.' अशी तिच्या लग्नापर्यंत. आणि जवळजवळ प्रत्येकाखाली एकच ओळ : 'दोन बोटं वाढ ठेवणे.' मूल वाढतं, म्हणून शिवणीत दोन बोटं जास्तीचं कापड सोडायचं, हा आईचा नियम होता.

आई कॉपिंग पेन्सिलने लिहायची. कोरडी असली की राखाडी आणि ओली केली की जांभळी उमटणारी ती पेन्सिल. टोक जिभेवर लावायचं आणि लिहायचं. त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर जांभळं, पुढची राखाडी. दुपारपर्यंत आईची जीभ जांभळी होई, आणि दोघी बहिणींचा एक ठराव होता : आईची जीभ जांभळी असेल तर काही मागायचं नाही, ती कामात आहे, फटका मिळेल. धाकटी दारातून ओरडायची, "आई, जीभ दाखव!" आई दाखवायची. मग धाकटी थोरलीकडे वळून सांगायची, "आज नाही."

थोरलीने अकरा पट्ट्या कापल्या आणि वहीत घालून ठेवल्या. बुधवारची अर्धी रजा टाकली आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात गेली.

दुकानवाल्या काकू तिला ओळखत होत्या. ठेंगण्या, गळ्यात टेप, तोंडात कायम दोन टाचण्या. त्या टाचण्यांच्या आडून बोलायच्या.

"चार वर्षांपूर्वीचं? बाई, माझ्याकडे मागच्या महिन्यातलं राहत नाही. कोणाच्या तरी अंगावर फिरत असेल तुमच्या आईचं सगळं."

"ठाऊक आहे. आईचं मागायला आले नाहीये. पिवळं कापड हवंय, हिरव्या बारीक पानांचं. आईने पडद्यातून उरलेल्या कापडाचे आम्हा दोघींना फ्रॉक केले होते. तसलं."

काकूंनी तीन ढिगारे उपसले. तिसऱ्याच्या तळाशी एक उशीचा अभ्रा निघाला. पिवळा, पानं हिरवी, पण पानांमध्ये एक लाल ठिपका.

"हा घ्या. ठिपका धुतल्यावर जाईल असं मी सांगणार नाही, पण दिसतो जवळपास तसाच. बहिणीला सांगा आईचाच आहे. कोण बघतंय?"

थोरली हसली. "काकू, मी एकवीस वर्षं कोण बघतंय म्हणणाऱ्यांच्या समोर बसलेय."

एका कोपऱ्यात तिला एक लाकडी पेटीही मिळाली, कधीतरी काट्या-चमच्यांची असावी. कोपरे शाबूत, बिजागरी जरा कुरकुरणारी. ती पेटी आणि अभ्रा घेऊन ती बसने घरी आली, तेव्हा आपण बाकावर काही विसरत नाही ना, हे तिने उतरताना तीनदा बघितलं.

गुरुवारी पहाटे पाचला तिने पेटी घासली, जुनं पॉलिश उतरवलं, फडक्याने पुसली. पांढरा डिंक पाण्यात सैल केला, कारण म्हाताऱ्या गृहस्थांनी तसंच सांगितलं होतं : खालून डिंक, वरून डिंक, मग बोटाने दाबून हवा काढायची. पहिली पट्टी तिने झाकणाच्या बरोबर मध्यावर ठेवली. 'धाकटी, सात वर्षं, छाती २३. फार हालते.' वरून ओला ब्रश फिरवला.

अक्षरं जांभळी झाली. मग फुगली. मग 'फार हालते' खरोखरच हललं आणि कागदाच्या कडेकडेने ओघळू लागलं. तिने फडकं टेकवलं, तर फडकं जांभळं आणि कागदावर नुसता ढग. २३ चा ३ कसाबसा उरला.

ओलं केलं की ही पेन्सिल जांभळी होते, हे आईच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सगळ्या शहरात दोनच बायकांना ते इतकं पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीने स्वतःच्या हाताने त्यावर पाणी ओतलं होतं.

नवरा उठून आला. त्याने झाकण बघितलं, तिचं तोंड बघितलं, आणि विनोद गिळला.

"घासून काढू का मी? पॉलिश पेपरने निघेल."

"नको."

"मग उरलेल्यांच्या झेरॉक्स काढून आण. झेरॉक्स चिकटव, मूळ कागद जपून ठेव. शहाणी माणसं तसंच करतात."

थोरलीने ब्रश खाली ठेवला. "खिडकीवर कोणी छत्रीचा फोटो घेऊन आला, तर मी छत्री देते का?"

"नाही."

"मग धाकटीने झेरॉक्स का घ्यावी?"

"चिडली तर?"

"चिडलेलीच आहे. त्याहून जास्त काय चिडेल?"

कामावर जाताना ती वाकडी वाट करून काकूंकडे गेली. काकूंनी टाचण्या काढून नीट ऐकून घेतलं. असं फार क्वचित होई. "पाणी लावूच नका," त्या म्हणाल्या. "डिंक घट्ट, फक्त कागदाच्या मागून, आणि तोही कागदाला न लावता पेटीवर पातळ पसरून. कागद जाड आहे, पुढे झिरपणार नाही. कोरडा झाल्यावर वरून तेलाचं वार्निश. स्पिरिटचं नको, त्यानेही फुटेल. आणि घाई नको."

"रविवारी ती जातेय."

"मग घाई करा, पण हळू."

शुक्रवारी पहाटे उरलेल्या दहा पट्ट्या लागल्या. तिने वयाप्रमाणे लावल्या, डावीकडून उजवीकडे, चारी बाजूंनी. शेवटची, लग्नाच्या वेळची, झाकणाच्या आत. एकही फुटली नाही. बाहेरच्या बाजूंना तिने तेलाच्या वार्निशचा हात दिला आणि पेटी पंख्याखाली ठेवली. झाकणाच्या आत मात्र वार्निश लावलं नाही. आईचं अक्षर कुठेतरी उघडं राहावं, असं तिला वाटलं. झाकणावरचा जांभळा ढग होता तिथेच राहिला. त्याच्यावर फूल चिकटवून तो झाकता आला असता. तिने फूल कापलंही होतं, अभ्र्याच्या पानांचं. ते तिने परत पिशवीत टाकलं.

राहिलं होतं अस्तर. पुठ्ठ्याचे तुकडे कापायचे, त्यावर पातळ कापूस, वर पिवळं कापड ओढून मागे चिकटवायचं आणि तुकडे पेटीत बसवायचे. संध्याकाळी कामावरून येऊन तिने मोजून पाच तुकडे कापले, कापड चढवलं, आणि एकही तुकडा पेटीत जाईना. दाबून घातला तर झाकण लागेना.

नवऱ्याने फूटपट्टी लावली. "प्रत्येक तुकडा दोन बोटं मोठा आहे. असं कसं केलंस?"

थोरलीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "वाढ ठेवली."

"पेटी पुढच्या वर्षी उंच होणार आहे का?"

या वेळी तीही हसली. मग सगळं कापड उसवून, पुठ्ठे दोन बोटं छाटून, तिने पुन्हा चढवलं. बिजागरीला तेल दिलं. झाकण टक् आवाज करून बसलं.

शनिवारी दुपारी दोनला ती धाकटीच्या दारात उभी होती. दार उघडंच होतं, हमाल आत-बाहेर करत होते. धाकटी खोक्यांच्या मधोमध, ओढणी कमरेला खोचून, दोरी तोडत होती. तिने वर बघितलं. केस पांढरे झाले होते, चेहरा आईसारखा होत चालला होता.

"कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली. आतल्या खोलीत तिच्या नवऱ्याला एकदम खोकला आला. "कळलं कोणी ते. ये. उभी राहिलीस तर हमाल तुलाही उचलून ठेवतील."

थोरलीने पेटी एका खोक्यावर ठेवली. धाकटी हात न लावता बघत राहिली. मग तिने झाकण उघडलं आणि अस्तरावर बोट ठेवलं.

"हे आईचं कापड नाही. आपल्या फ्रॉकला लाल ठिपका नव्हता."

"नव्हता. दुकानातून आणलंय. आईचं जे होतं ते मी दिलं, ते आता मिळायचं नाही. बघवत नव्हतं म्हणून दिलं. तुझी वाट बघायला हवी होती. चुकलं माझं."

धाकटीने झाकण लावलं. "आणि हे कागद? हेही दुकानातलेच? अक्षर काय, कोणीही काढेल. तू लोकांना विचारतेस ना खिडकीत बसून, खूण सांगा म्हणून? आज तू सांग. हे आईचं कशावरून?"

थोरलीने झाकणावरच्या ढगाकडे बोट दाखवलं. "माझ्या हातून हे बिघडलं. पाणी लागलं. तू सात वर्षांची होतीस, फार हालत होतीस, ते सगळं ओघळलं. हीच खूण. दुसरी नाही माझ्याकडे."

धाकटी वाकली. जांभळा ढग तिने जवळून बघितला. मग पुन्हा झाकण उघडलं, आतली लग्नाच्या वेळची पट्टी वाचली : 'धाकटी, छाती ३४. आता हालत नाही. तरी दोन बोटं वाढ ठेवणे.' तिने तर्जनी जिभेला लावली आणि 'वाढ'मधल्या कान्यावर अगदी हलकेच टेकवली. राखाडी रेघ जांभळी झाली. बोटही जांभळं झालं. तिने ते बोट बघितलं, आणि लहान मुलासारखं पुन्हा जिभेला लावलं.

एक हमाल खोकं उचलायला आला, दोघींना बघून दुसरीकडे वळला.

"जीभ दाखव," थोरली म्हणाली.

धाकटीने दाखवली. टोकाला जांभळा ठिपका होता. थोरली हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं.

"धाकटे, माझं ऐकून—"

"आज नाही," धाकटी म्हणाली. "जीभ जांभळी आहे माझी. आज काही मागायचं नाही." तिने पेटी उचलली. हमालांच्या खोक्यांत न टाकता खुंटीवरची प्रवासाची पिशवी काढली, पेटी तिच्यात घातली, वर स्वतःची शाल कोंबली आणि चेन लावली.

"मग कधी मागू?"

"उद्या साडेसातची गाडी आहे. तुझ्याच डेपोतून सुटते. हातात चार पिशव्या आहेत आणि याची कंबर दुखते." आतून पुन्हा खोकला ऐकू आला. "धरायला कोणीतरी लागेल."

"सातला येते."

"पावणेसातला ये," धाकटी म्हणाली आणि दोरीचं टोक थोरलीच्या हातात दिलं. "आणि आता नुसती उभी राहू नकोस, हे धर. हलू नकोस."